पहिली घागर

एमएस्सी कॉम्प्युटरच्या प्रबंधाचा विषय आज संध्याकाळपर्यंत सरांना कळवायचा होता आणि ओवीला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात मोबाइल बघून आई नळाकडे पळाली. शेजारच्या कलावतीकाकूंच्या स्टेटसला घागरीचा फोटो होता, म्हणजे पाणी आलं. नळ सोडून आईनंही आपल्या स्टेटसला घागर लावली. गल्लीची ही रीतच. "पण काकूंना कोण सांगतं?" ओवीनं विचारलं. "मला काय माहीत? जाऊन विचार की." पाइप धरून काकू म्हणाल्या, "मी कोपऱ्यावरच्या जुबेदाचं स्टेटस बघते." ओवी कोपऱ्यावर गेली. जुबेदाचाची बादली सरकवत म्हणाल्या, "मी व्हय? तुज्या आईचं बघते की." ओवी तिथंच पायरीवर टेकली. मग पहिली घागर कुणाची? तिनं सरांना फोन करून हाच विषय सांगितला. सर म्हणाले, "आमच्या गल्लीत वीज जायची असली की समईचा फोटो असतो. थांब, बायकोला विचारतो."