बोलणी सुरू आहेत

"दोन्ही बाजूंनी आधी एकमेकांचं नीट ऐकून घ्यायला हवं," डॉ. गुरुदत्त लॅपटॉपमधल्या विद्यार्थ्यांना म्हणाले आणि मागे उभ्या असलेल्या बायकोला त्यांनी हातानंच गप्प राहायची खूण केली.

अरुंधती गप्प राहिली. तिला सवय होती.

गुरुदत्त म्हणजे काही साधी असामी नव्हे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटी आणि शांतता हा त्यांचा विषय. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये बसून ते परदेशी विद्यापीठात शिकवत. अधूनमधून विमानानं कुठल्या तरी थंड शहरात जात, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या माणसांना समोरासमोर बसवत आणि येताना चॉकलेटं आणत. करारात 'माघार' लिहायचं की 'परत फिरणं', यावर त्यांचा अख्खा शोधनिबंध होता. परिषदांमध्ये टाळ्या पडत. घरी टाळ्या वाजवायला एकटी अरुंधती, आणि ती सकाळी पोळ्या लाटून आकुर्डीच्या कॉलेजात मराठी शिकवायला पळे.

मागे एकदा अरुंधती म्हणाली होती, "मला या घरात आता राहावंसं वाटत नाही. तुमच्याशी बोलायचंय." दुसरा कुणीही हातातलं काम टाकून समोर बसला असता. गुरुदत्तांना बरंच वाटलं. एक बाजू बोलायला तयार आहे, आणखी काय हवं? "तुझ्या भावना मी समजू शकतो," असं ते म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणत. मग बोलणं रविवारवर गेलं. रविवारी त्यांचं व्याख्यान निघालं. पुढच्या रविवारी सोसायटीत पार्किंगवरून दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या, तेव्हा हे महाशय खाली धावले आणि जेवायची वेळ टळेपर्यंत मध्यस्थी करून आले. दोघं हात मिळवून घरी गेले म्हणे. घरात मात्र शांततेला काही मुहूर्त सापडेना.

शेवटी अरुंधतीनं थेरगावला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. गुरुदत्तांनी लगेच मान डोलावली. तापलेल्या मंडळींना काही काळ लांब ठेवावं, असं त्यांनीच पुस्तकात लिहिलं होतं. डोकं शांत झालं की येईल, मग बसू निवांत. त्यांचा जीव नव्हता तिच्यावर, असं नाही हं. होता. पण जीव असून काय उपयोग, वेळ कुठं होता?

तास संपवून ते उठले, तेव्हा ती दारात उभी होती. बॅग चांगलीच मोठी होती.

"रिक्षा?"

"खाली थांबलीये."

"आराम कर तिकडे. आल्यावर सविस्तर बोलू. मी अगदी मोकळ्या मनानं ऐकणार आहे."

अरुंधतीनं चपला घातल्या, बॅग उचलली.

"जाते मी."

गुरुदत्तांच्या कपाळाला आठी पडली. भल्याभल्यांचे मसुदे दुरुस्त केलेला माणूस तो, चुकीचा शब्द कानाआड कसा करणार?

"अगं, जाते काय? मराठी शिकवतेस ना? घरातून निघताना 'येते' म्हणावं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

"माहितीये मला," अरुंधती म्हणाली.