खरखर

कॅनडातल्या ब्रॉसार्डच्या त्या गल्लीत इंटरनेट खांबापर्यंत फायबरमधून यायचं आणि खांबावरून घरोघरी हवेतून जायचं. निदान जायला हवं होतं. रोज सकाळी लोक कामाला गेले की सिग्नल आडवा पडायचा आणि संध्याकाळी आपोआप उठून बसायचा.

"कुठल्या शहाण्याने काय लावून ठेवलंय कोण जाणे!" इंटरनेट कंपनीतला उन्मेष करवादला. अँटेना फिरवत, बर्फ तुडवत तो चालला होता. अडथळा जिथून येतोय ते घर शोधायचं आणि तिथलं यंत्र बंद करून घ्यायचं, नाहीतर कंपनीलाच आपला चॅनल बदलावा लागणार. गल्ली त्याचीच होती, पण भर दुपारी तो इथे कधी नसायचा.

अँटेनाने त्याला त्याच्याच दारात आणून उभं केलं.

"घ्या! आपलंच घर," म्हणत तो आत शिरला आणि वर गेला.

मार्चमध्ये त्याचा आणि नीरजाचा पाच महिन्यांचा ओजस गेला, तेव्हा उन्मेषनेच क्रिब, कपडे, खुळखुळे सगळं बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं होतं. ओजसच्या त्या रिकाम्या खोलीत आता कार्पेटवर बेबी मॉनिटर होता, बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा. त्याचा हिरवा दिवा चालू होता.

तो खाली आला. किचनमध्ये नीरजा मॉनिटरचा रिसीव्हर कानाशी धरून उभी होती. त्यातून नुसती खरखर येत होती. त्याला पाहून ती दचकली.

"तू यायच्या आत बंद करते रे मी."

"रोज?"

"झोपला की त्याचा श्वास अस्साच ऐकू यायचा."

बंद करायला उन्मेषने हात पुढे केला, तसा तिने रिसीव्हर छातीशी घट्ट धरला. तेवढ्यात त्याचा सेल वाजला. ऑफिसातून मार्सेल विचारत होता, "फाउंड इट?"

उन्मेष तिच्याकडे बघत राहिला.

"नो," तो म्हणाला. "लेट्स मूव्ह अवर चॅनल."

फोन ठेवतोय तोच स्टोव्हवरच्या कुकरची शिट्टी झाली. शिट्टीने ओजस हमखास उठायचा, भोकाड पसरायचा. म्हणून नीरजा अजूनही शिट्टीआधीच कुकर उतरवायची. आज राहून गेला होता.

दोघांनीही श्वास रोखून रिसीव्हरकडे पाहिलं.

खरखर तशीच चालू होती.