गोडं पानी

ऐक ना. फक्त ऐक, मधे बोलू नकोस.

दिपिका बेडरूमच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. मुद्दाम. घरमालक धवल आला होता आणि मागचा डाग त्याला दिसू नये एवढंच तिला हवं होतं. पण डाग आता तिच्यापेक्षा मोठा झाला होता. डोक्याच्या वर, दोन्ही बाजूंना, काळी-हिरवी बुरशी. पाऊस जाऊन महिना झाला तरी भिंत ओलीच.

"वहिनी, सरका जरा," धवल म्हणाला.

धवल निर्मळ गावचा, केळीची वाडी असलेला. माणूस खरंच चांगला. भाडं घ्यायला येतानाही केळ्यांची फणी घेऊन येणारा. त्याने भिंतीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेर हेमाली खोकली. दिपिकाची मुलगी, सात वर्षांची. खोकला चांगला मिनिटभर चालला.

"हे बघा," धवल म्हणाला, "वरच्या बाथरूममधून गळत असेल तर दुरुस्त होईल. पण भिंतच खारी असेल ना, तर काही उपाय नाही. जुनी बिल्डिंग, खाडीची रेती न धुता वापरली असणार. मग ते मीठ हवेतलं पाणी ओढतच राहतं. तसं असेल तर तुम्ही दुसरी रूम बघा. मी ॲग्रीमेंट वाढवणार नाही. लहान मुलगी आहे."

तिच्या नवऱ्याला, विकीला, इथून वालीवला कंपनीत जायला वीस मिनिटं. हेमालीची शाळा समोरच. आणि चार घरं बदलल्यावर या बिल्डिंगमध्ये कुठे शेजारी नावाने हाक मारायला लागले होते.

वर ज्युली आंटी राहायच्या. वय सत्तर, एकट्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माझं बाथरूम कोरडं खडखडीत आहे. पाहिजे तर येऊन लादीवर झोप."

प्लंबर आला. "असेल पण, नसेल पण," बोलून गेला.

मग कोणीतरी रामनाथकाकांचं नाव काढलं. तळमजल्यावरचे काका. चाळीस वर्षं मिठागरावर काढलेली. बोअरिंगचं पाणी बदललं की ते खारं की गोडं हे ठरवायला बिल्डिंगवाले अजून त्यांनाच घोटभर प्यायला देतात. काका बोलतील ते फायनल.

काका आले. विकीने नाकाला रुमाल लावलेला, ज्युली आंटीने पदर. काका आपले मोकळे.

"काका, वास नाही येत?" विकीने विचारलं.

"कसला वास? मिठागरावर राहिलेला मानूस मी. आमाला काय नाय होत."

विकी दिपिकाकडे बघून मान डोलवायला लागला. म्हणजे बघ, काय माणूस आहे.

काकांनी बुरशी सोडून बाजूच्या ओल्या प्लास्टरवर बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं.

"रामनाथ, तुझी जीभ काय लॅबोरेटरी आहे?" ज्युली आंटी म्हणाल्या.

"गप ऱ्हा गो."

काकांनी डोळे मिटले. दिपिकाने हेमालीचा हात इतका घट्ट धरला की पोरगी ओरडली. काकांनी परत बोट फिरवलं, परत चाटलं.

"गोडं हाय," ते म्हणाले. "ह्यो पानी वरचा. मिठाचा नाय."

दिपिका तिथेच पलंगावर बसली. रडू आलं तिला, आनंदाने.

ज्युली आंटी भांडतील असं सगळ्यांना वाटलेलं. त्यांनी हेमालीला जवळ घेतलं. मग म्हणाल्या, "पोरीचा खोकला माझ्या बाथरूममुळे असेल, तर उद्याच फोडा."

आणि फोडलं. अख्खं. आंटींच्या नवऱ्याने हौसेने बसवलेल्या निळ्या लाद्या पोत्यात भरून खाली आल्या. दहा दिवस आंटी टॉवेल खांद्यावर टाकून दिपिकाकडे अंघोळीला यायच्या, येताना डब्यात काहीतरी आणायच्या. हेमाली त्यांना आजी म्हणायला लागली. इकडे मिस्त्रीने बेडरूमचं प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं. पलंग हॉलमध्ये, गाद्या किचनमध्ये, डबे कुठेही. धवलने बोलल्याप्रमाणे ॲग्रीमेंट अकरा महिने वाढवलं. दिपिका रोज दिवा लावताना तिघांचं नाव घ्यायची. काकांचं पहिलं.

वरचं काम संपलं त्या दिवशी काका भिंत बघायला आले. "सुकंल आता. पंधरा दिस लागतील."

"काका, बसा. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही."

गाद्यांच्या ढिगामागून तिने डबा ओढला, आलं ठेचलं, भरपूर दूध घातलं. काका आलेत म्हणून साखरही हात सैल सोडून, दोन-दोन चमचे. काकांना कप दिला, स्वतःचा ओट्यावर ठेवला आणि बोलतच सुटली. तुमच्यामुळे राहिलो इथे. तुमचे उपकार कसे फेडू, काका. तुम्ही नसतात तर आम्ही आज रस्त्यावर रूम शोधत असतो.

"उपकार कसले त्यात. जिभेनं सांगितला, मी बोललो." काकांनी फुर्र फुर्र करत कप संपवला, बशीत सांडलेलाही प्यायले. "चाय झकास. पन साखर कमी टाकत जा, पोरी. डॉक्टरनी आमाला गोड बंद केलाय."

हसत हसत ते खाली गेले. वर ज्युली आंटी नव्या बाथरूममध्ये पहिल्यांदा अंघोळ करत होत्या, मोठ्याने गात. दिपिकाने आपला कप उचलला, एक घोट घेतला आणि तसाच सिंकमध्ये थुंकला. डबा चुकला होता. चहात दोन चमचे मीठ होतं, आणि काकांच्या जिभेला तेच गोड लागलं होतं. आता सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?