मेट्रनची जागा

बेचाळीस साली संगमनेरच्या एका मुलींच्या बोर्डिंगात मेट्रनची जागा निघाली. हन्नाबाई महिनाभर इंग्रजी घोकून मुलाखतीला गेली.

मडमेनं विचारलं, "कॅन यू पुट अप विथ थर्टी नॉटी गर्ल्स?"

'पुट अप' म्हणजे मुक्कामाला जागा देणं, हे हन्नाला पाठ होतं. पुढच्या 'विथ'कडे तिचं लक्षच गेलं नाही. तीस पोरी! इंग्रजी विसरून ती म्हणाली, "घर दोन खनांचंच हाय, मडम. पन पोरींची अडचन असंल तर धाडा. आमी नवरा-बायको अंगनात निजू."

मडम आधी खळखळून हसली, मग चष्मा पुसत मराठीत म्हणाली, "हन्नाबाई, पोरींचा त्रास सहन कराल का, एवढंच विचारलं होतं मी. सोमवारपासून या."