तुडुमाचा दट्ट्या

जमुनाबाईला एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता, तरी हिमांशु गोळ्यांचीच बाजू घेत होता. स्वाइन फ्लूचं साल. मायला गोंदियाला भरती केलं असतं, तर लागणीच्या भीतीने नवेगाव बांधातलं कोणी त्याच्या मेडिकलची पायरी चढलं नसतं.

"माझ्या पुस्तकात छापलं आहे," तो म्हणाला. "बाबाचे हात थरथरते, त्याच्यावरची गोळी फ्लूवरबी चालते."

पुस्तक खोटं नव्हतं. जुनं होतं. आणि जुना माल खपवण्यात हिमांशुचा हात कोणी धरला नसता.

नागपूरहून धावत आलेली त्याची बहीण अंजू चपला काढायचीही विसरली होती. ती विषाणूच्या एका प्रथिनावर संशोधन करत होती. 'चार वर्षं एका भोकावर घालवली,' अशी तिची ओळख हिमांशु गावभर करून द्यायचा.

"दादा, आपल्या तलावाले पाणी सोडाले तुडुमाचं भोक राहते ना? तसं या विषाणूच्या कातडीले आहे. तो पेशीत शिरला का ते उघडते, आम्ल आत घेते. मंग त्याचं गाठोडं सुटते अन् आतला माल बाहेर पडते. ही गोळी म्हणजे त्या तुडुमाचा दट्ट्या."

"मंग? तेच त मी म्हणून राहिलो!"

"यंदाच्या विषाणूचं तुडूम बदललं. दट्ट्या बसतच नाही. याच्यावरची गोळी सरकारी दवाखान्यात आहे. उठव मायले."

"तू पाहून आली का त्याचं भोक?"

"चार वर्षं तेच पाहून राहिली."

हिमांशुने बापाकडे पाहिलं. तलाव राखण्यात जन्म गेलेला उमराव खाटेच्या कडेला बसला होता. दोन दिवस त्याच्या गोळ्या बायकोच्या पोटात जात होत्या. त्याचे हात गुडघ्यांवर नाचत होते.

"दट्ट्या बसत नसन," उमराव म्हणाला, "त तलावाच्या पाळीवर बसून नारळ फोडत राह्यतेत काय बे? गाडी काढ."

हिमांशुने गाडी काढली. काचा मात्र सगळ्या वर घेतल्या.

चौकात, मेडिकलसमोर, गिऱ्हाईकं उभी होती. त्याने मान खाली घातली आणि वेग वाढवला. मागे जमुनाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या उमरावने तिला वारा लागावा म्हणून काच खाली केली. खिडकीवर टेकलेला त्याचा हात थरथरत होता.

गिऱ्हाइकांनीही हात हलवले.