अडीच वाजलेच नाहीत

संगणक विभागाचे साहेब परदेशातल्या त्या ऑफिसातून बाहेर पडताना दाराला कार्ड कधीच लावत नसत. असली कामं हलक्या माणसांची. रोज रात्री अडीचला संगणक आपोआप त्यांना 'बाहेर' दाखवी.

"साहेब, उन्हाळ्यासाठी या देशात घड्याळं तासभर पुढे करतात. आज रात्री घड्याळ दोनवरून थेट तीनवर जाणार. अडीच वाजणारच नाहीत," प्रोग्रामरबाईंनी बजावलं होतं.

"मला अक्कल शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कार्ड लावलं, तरी दार उघडेना. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपण आतच आहात.'

"बिनडोक यंत्र!" साहेब खेकसले. "बाई, उघडा!"

काचेपलीकडे बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेबांच्या केबिनमधून. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब विचारताहेत," त्या काचेतून म्हणाल्या, "बाहेर कोण बिनडोक बोंबलतोय. काय सांगू त्यांना?"