नात्याचा रकाना

बाईंनी कागद फिरवून कमलापुढे सरकवला आणि एका रकान्यावर पेनाचं टोक ठेवलं. रोशनीच्या नावापुढे तिथे इंग्रजीत ‘भाची’ लिहिलेलं होतं. टॅक्स ऑफिसातल्या त्या बाई तशा हसऱ्या होत्या, आवाजही मऊ होता. तरी कमला खुर्चीच्या कडेवरच बसून होती.

पत्र आल्यापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. कमी पगारात पोर सांभाळणाऱ्याला सरकार टॅक्समधून काही पैसे परत देतं, ते २००५ सालचे तिचे पैसे अडवून ठेवले होते. ही मुलगी तुमची कोण आणि राहते कुठे, ते सिद्ध करा, असं पत्रात होतं. पैशांवर तिने केव्हाच पाणी सोडलं होतं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या दुकानात रोज आणखी दोन तास कढईपुढे उभं राहिलं की भाडं निघतं. धास्ती होती ती रोशनीची. आई गेलेली आठ वर्षांची पोर कुणाकडे वाढतेय, याची सरकारने चौकशी सुरू केली तर ती कुठे थांबेल? म्हणून आज तिने रोशनीला शाळेत धाडून दिलं होतं. नजरेला पडायलाच नको.

शेजारी बुद्धभूषण बसला होता. नागपूरहून इथे परदेशात पीएचडीला आलेला हा मुलगा दर शनिवारी लायब्ररीत गरिबांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून द्यायचा. कमलाचाही त्यानेच भरला होता. मघाशी बाहेर बसल्या बसल्या त्याने धीर दिला होता, “घाबरू नका काकू. माझा रिसर्चच यावर आहे. तुमचा फॉर्म दोन पानांचा, अर्ध्या तासात चेक होतो. तुमच्या मालकांचा चेक करायचा तर वर्ष जाईल, वर त्यांचे वकील भांडायला येतील. मग पत्र कुणाला येणार?”

हे ऐकून कमलाला धीर आला नव्हता.

बाईंनी काहीतरी विचारलं. बुद्धभूषणचा चेहरा उतरला.

“काकू, रोशनीची आई तुमची सख्खी बहीण ना?”

“सुमित्रा? माझ्या मावशीची मुलगी ती. एका ताटात जेवून वाढलो आम्ही.”

“म्हणजे मावसबहीण.” त्याने कपाळावरून हात फिरवला. फॉर्म भरताना त्याने हे विचारलंच नव्हतं. त्याच्या घरीही मावसबहिणीची मुलगी भाचीच होती, त्यात विचारायचं काय? “चुकलं माझं. इथे सख्ख्या बहिणीचीच लागते, नाहीतर पैसे देत नाहीत.” मग तो हळूच म्हणाला, “सख्खी म्हणून सांगू का? कुणाला कळणार नाही.”

कमलाने हो म्हटलं की सुटका होती. पण उद्या खोटं उघडकीला आलं, आपल्याला आत टाकलं, तर पोर कुणाच्या दारात जाणार?

“नको. खरं आहे ते सांग.”

त्याने सांगितलं. बाईंनी मान हलवली, कागदावर रेघ मारली आणि वर दोन शब्द लिहिले. मग त्या बराच वेळ समजुतीच्या सुरात बोलत राहिल्या.

“सुटलो, काकू,” बुद्धभूषण म्हणाला. “पैसे नाही मिळणार, पण ही नुसती मिस्टेक आहे, फसवणूक नाही, असं नोट करून केस क्लोज करतायत.”

“तिथे काय लिहिलं त्यांनी?”

तो जरा घुटमळला. “नातं नाही.”

कमलाने त्याचं मनगट धरलं. “अरे, विचार त्यांना. नातं नाही म्हणतात, मग पोर माझ्याकडेच राहील ना? विचार लवकर.”

बाईंनी पेन पुन्हा उघडलं आणि कोरा कागद पुढे ओढला. कमला काय म्हणतेय, असं त्यांनी हसून विचारलं.

बुद्धभूषणने त्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं; आता विचारलं, तर त्यावर नवी चौकशी सुरू होणार होती.

“शी सेज थँक यू,” तो म्हणाला.

एवढं इंग्रजी कमलाला कळत होतं.